चक्रीपलीकडची जागा

तुळशीराम सुताराबद्दल मोताळ्यात लोक अजून हळहळतात, आणि ते ऐकून माझा संताप होतो. हळहळायचं तर त्याच्या बायकोसाठी हळहळा, मनकर्णाबाईसाठी. पण तिचं नाव निघालं की सगळे आवाज खाली आणतात. मी त्यांची शेजारीण. आमच्यात एका कुडाचं अंतर होतं, तेव्हा मला कोणी शिकवू नये.

मनकर्णाबाई लग्न होऊन आली ती थेट करवतीवरच. गाडीच्या चाकांसाठी बाभळीचे ओंडके फाडायचे तर दोन मुठींची करवत लागते, आणि तिला दोन माणसं. गड्याला मजुरी द्यावी लागते, बायकोला द्यावी लागत नाही. एका टोकाला तुळशीराम ओढायचा, दुसऱ्या टोकाला ही. मध्येच एकाने मूठ सोडली तर पातं वाकतं. नवी नवरी असताना तिने घाम पुसायला एकदा हात काढला, तर त्याने लाकूड तासायच्या वाकसाच्या दांड्याने तिच्या मनगटावर हाणलं.

"हात तुटला तरी चालन, पन सोडायचं नाही," तो म्हणाला.

ती शिकली. उन्हाळ्यात आम्ही सगळ्या अंगणात निजायचो, तेव्हा झोपेतही तिच्या मुठी वळलेल्या मी पाहिल्या आहेत.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची ही गोष्ट, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली. ठेकेदारांना पेट्यांसाठी फळ्या हव्या होत्या, म्हणून तुळशीरामने खामगावहून एक जुनी चक्री आणली. लोखंडी टेबल, मधून वर आलेलं गोल दातेरी पातं, आणि ते फिरवायला तेलाचं इंजिन. बसवायला उत्तमराव फिटर आला. त्याने टेबल पाणसळीत घेतलं, पट्टा ताणला, पात्याच्या मागे एक पातळ लोखंडी पट्टी उभी केली.

"हे पट्टी काढू नका," तो म्हणाला. "ओली बाभूळ चिरली का चीर मिटते, अन् पातं आवळते. मंग लाकूड उसळून लोटनाऱ्याच्या अंगावर येते. म्हनून समोर नाही, बाजूले उभं राहायचं. शेवटचं टोक काठीनं लोटायचं. अन् पलीकडून धरायले कोनाले बसवू नका."

"सुतार कधी उभ्यानं काम करते काय?" तुळशीराम हसला.

उत्तमरावची पाठ वळताच त्याने टेबलाचे पाय जमिनीत गाडले आणि मांडी घालून ऐन पात्यासमोर बसला. बापजाद्यांनी बसूनच काम केलं होतं ना! पट्टी फळी धरायच्या आड येत होती, ती काढून टाकली. आणि पलीकडच्या बाजूला, पात्यातून निघणारी फळी ओढायला, मनकर्णाबाईला बसवलं. त्याच्या डोक्यात लाकूड चिरणं म्हणजे दोन टोकांना दोन माणसं, एवढंच होतं.

पोळ्याआधी एका दुपारी ओल्या बाभळीची चीर मिटली. पात्याने फळी उचलली आणि झटक्यात तुळशीरामकडे ओढली. दुसरी कोणी असती तर तिने हात काढले असते. मनकर्णाबाईने फळी आणखी घट्ट धरली. तिच्या धरण्यामुळे फळीचा जोर मोडला आणि तुळशीराम वाचला. हिचे दोन्ही हात मात्र फळीबरोबर पात्यावर गेले. मी धावत गेले तेव्हा अंगठे तेवढे शिल्लक होते. तो इंजिन बंद करत म्हणाला, "सोडलं काऊन नाही वं?"

ती दवाखान्यातून परत आली तोवर त्याने दुसरी बायको ठरवली होती. झुंबरबाई, हिवऱ्याकडची, पोरगेलीच. लोकांना त्यात काही गैर वाटलं नाही. सुताराला पलीकडे माणूस नको का, म्हणे. मनकर्णाबाईला मागच्या पडवीत जागा मिळाली. तिला घास भरवायला कोणी नव्हतं, ती ताटात तोंड घालून जेवायची. मी भरवायला गेले की तुळशीराम खेकसायचा.

झुंबरला कामाची रीत मनकर्णाबाईनेच सांगावी, असा त्याचा हुकूम होता. ते मी कुडाआडून ऐकलं.

"फळी वढू लागली का सोडून देजो," ती म्हणाली. "तो बोंबलला तरी सोडजो. मारलं तरी सोडजो."

"अन् फळी कुठं जाईन, बाई?"

"तुह्या अंगावर येत नाही ते."

झुंबरने घोकून घेतलं. दिवाळीनंतर फळी पुन्हा उसळली, तिने हात काढले, आणि फळी मांडी घालून बसलेल्या तुळशीरामच्या पोटात घुसली. त्याला सरकायलाही जमलं नाही. त्याला पडवीत आणून मनकर्णाबाईच्या शेजारीच टाकलं. झुंबर रडत वैद्याला आणायला पळाली, मी तिथेच बसले.

तुळशीरामला शुद्ध होती. तो मनकर्णाबाईकडे बघत म्हणाला, "तूच शिकवलं तिले."

"हाव," ती म्हणाली. "तिचे हात शाबूत हायेत."

थोड्या वेळाने त्याने पाणी मागितलं. तांब्या भरलेला होता, तिच्या गुडघ्याशीच. मी उठले, तर तिने कोपराने मला अडवलं. मग दोन्ही थोटके हात त्याच्या डोळ्यांसमोर धरून ती शांतपणे म्हणाली, "कायनं पाजू?"