वन्संची सोडत

आमच्या थोरल्या वन्संइतकी सरळ बाई अख्ख्या हुबळी-धारवाडात सापडायची नाही, आणि सापडलीच तर तिच्या घरच्यांची मला आधीच कीव येते. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं, आणि निवृत्त झाल्यावर इतर बायका भजनाला लागतात तशा या कॉम्प्युटरला लागल्या. कारण काय, तर महिला मंडळाच्या हळदीकुंकवातल्या चिठ्ठ्या! "डब्यात वरच्या चिठ्ठीलाच हात जातो. खालचीचा काय गुन्हा?" म्हणून त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहिला. यादी घालायची, बटण दाबायचं, मशीन त्याच्या मनाला येईल तो आकडा काढणार. पहिल्याच खेपेला देशपांडे नगरातल्या एकाच काकूंचा आकडा तीनदा आला आणि काकू तीन स्टीलचे डबे काखोटीला मारून ऐटीत घरी गेल्या. बायका अशा खवळल्या म्हणता! वन्सं मात्र ढिम्म. "मशीनला मागचं आठवत नाही, हाच तर त्याचा चांगुलपणा," म्हणाल्या. तरी घरी येऊन, एकदा आलेलं नाव यादीतून काढायचं, एवढं त्यांनी त्याला शिकवलं.

घरच्या भाज्यांना मात्र ही सवलत नव्हती. आज भाजी कुठली, हे मशीन सांगणार, आणि मेलं ते आठवडाभर दोडकाच सांगत बसलं. माझे यजमान ताट बघून उसासे टाकायचे, पण थोरल्या बहिणीपुढे बोलायची टाप नव्हती. एकदा रायापूरचे व्याही जेवायला आले. पहिली पुरणपोळी कुणाच्या पानात? वन्संनी बटण दाबलं, तर नाव आलं त्यांच्या ड्रायव्हरचं. व्याही बघताहेत आणि पोळी चालली ड्रायव्हरच्या ताटात! मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वन्सं म्हणाल्या, "इरलि बिडु, असू दे गं. भूक त्यालाही लागते." त्यावर सगळ्यात मोठ्यानं व्याहीच हसले, हे मात्र कबूल करायला हवं.

मग मंडळाची काशीयात्रा ठरली. जागा मोजक्या, नावं ढीगभर, म्हणजे सोडत आलीच. वन्संना काशी बघायची होती ती कधीपासूनची. आईवडिलांच्या आजारपणात ते राहूनच गेलं. आता गुडघे गेलेले. जायचं तर याच वर्षी, पुढं जमणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. सोडतीच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात बसून, प्रोग्राम नीट चालतो का बघायला त्यांनी सगळी खरी नावं घातली आणि बटण दाबलं. पहिलंच नाव त्यांचं! मी लाटणं टाकून टाळ्या पिटल्या.

"ही चाचणी," वन्संनी पडद्यावरचं नाव पुसलं. "चाचणी धरत नसतात."

संध्याकाळी सगळ्यांसमोर खरं बटण दाबलं. एकेक नाव येत गेलं. वन्संचं आलं नाही. शेवटची जागा आली ती माझी.

घरी आल्यावर मी भांडले, रडले, पाया पडले. "माझ्या जागी तुम्ही जा हो वन्सं. कोण विचारतंय?"

"मी विचारीन ना," त्या म्हणाल्या. "जागा अशी फिरवायची तर चिठ्ठ्या काय वाईट होत्या?" आणि उठून माझ्या पिशवीत शेंगाचटणीचा डबा भरायला लागल्या. इतका राग आला मला त्या बाईचा! आणि इतकी माया कधी आली नव्हती, तेही खरं.

काशीत पोचल्यावर पहाटे घाटाच्या पायरीवरून मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन नदीकडे धरला. वन्संनी आंघोळ करून ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलं होतं. हात जोडून त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग एखाद्या लहान मुलीसारखं विचारलं,

"पाणी गार आहे का गं?"

मी खाली वाकून पाण्यात हात घातला, आणि तो ओला हात तसाच फोनवरच्या त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवला.