सरळ दिसणारे टेकू

वानखडे सर गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, रश्मीने केला, तेव्हा मी अकोल्यात ऑफिसमध्ये एक नकाशा तपासत होते. त्याला दीड महिना झाला. रडू नंतर आलं. आधी वाटली ती भीती... आता माझं चुकलं तर सांगेल कोण?

अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर आम्हाला रचनांचं स्थैर्य शिकवायचे. उंच, बारीक खांब दाबाखाली चिरडत नाही, तो एकाएकी बाजूला वाकतो, आणि त्या क्षणापर्यंत सरळच दिसतो. हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी खाली यायचा. आम्ही परीक्षेपुरतं सूत्र पाठ केलं.

पुढे अकोल्यात एका मंगल कार्यालयाचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त झालेले सर कुणाच्या लग्नासाठी अकोल्याला आले होते, म्हणून मी हौसेने त्यांना साइटवर नेलं. स्लॅबवर काँक्रीट पडत होतं, वर अठरा माणसं होती. हॉल उंच, त्यामुळे खालचे लोखंडी टेकू एकावर एक जोडलेले. त्यांना मध्यावर बांधून ठेवणाऱ्या आडव्या नळ्या ठेकेदाराने लावल्याच नव्हत्या, आणि मी घाईत पाहिलं नव्हतं. सर वाकून आत शिरले, दोन-तीन टेकूंवर हात फिरवून बाहेर आले. चेहरा उतरला होता.

“पोरी, आधी लोकायले खाली उतरव. मंग बोलू.”

मी म्हणाले, तासाभराचंच काम उरलंय, आता थांबवलं तर मालक ऐकणार नाही. सर परत आत गेले आणि स्लॅबखाली उभे राहिले. मी मिक्सर बंद करायला लावला, एकेकाला उतरवलं. शेवटचा माणूस शिडीवरून उतरल्यावरच सर बाहेर आले. आम्ही रस्ता ओलांडला असेल नसेल... मधला एक टेकू एकाएकी बाजूला वाकला, आणि त्यामागे सगळे, स्लॅबसकट. आवाज नंतर आला.

धुरळा बसेपर्यंत सरांनी माझं मनगट सोडलं नाही. चूक माझी होती, हे मी मालकाला सांगितलं तेव्हाही ते शेजारीच होते. मग मी विचारलं, आत उभं राहताना भीती नाही वाटली?

“लय वाटली. ज्या दिवशी वाटनार नाही, त्या दिवशी हे काम सोडजो.”

परवा अमरावतीला त्यांच्या घरी गेले. रश्मीने खोली उघडून दिली. टेबलावर त्यांची स्टीलची फूटपट्टी होती, खांब कसा वाकतो ते दाखवायला वर्गात तळव्यांत उभी धरून दाबायचे ती. मी तशीच धरून दाबली. सरळ राहिली... अजून दाबली, तरी सरळच. पुढे माझे हात धजेनात. मी ती हळूच आडवी ठेवली.