दिगूभियांचं किस्तीचं घर

सन एकोणीसशे ब्याण्णव. मी एक्केचाळीस वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण मिलमधला फिटर, त्यामुळे कोणापुढे वाकायची सवय नव्हती.

इंदूरमध्ये घरं घेऊन विकणारे दिगूभिया एखादं घर बघायला आले की चपला बाहेर काढत आणि अनवाणी सगळ्या खोल्यांतून फिरत. मध्येच थांबून म्हणत, "इथे ओल आहे भिया, पायाला कळतं." मग भाव पाडत.

तेव्हा कापडाच्या मिल एकेक करून बंद पडत होत्या. इंदूर सोडणारे लोक मिळेल त्या भावात घरं विकत. दिगूभिया ती घेत, डागडुजी करत आणि आमच्यासारख्यांना किस्तीवर देत. बँक आम्हाला दारात उभं करत नव्हती. किस्त दर महिन्याला त्यांच्याच हातात द्यायची, शेवटची दिली की रजिस्ट्री, घर आपल्या नावावर. तीन चुकल्या की घर खाली. "मी पुण्य करायला नाही बसलो. नफा घेतो, तोंडावर सांगून घेतो," म्हणायचे.

सुदामा नगरातलं घर त्यांनी मला असंच दिलं. वर्षभरात माझीही मिल बंद पडली. तिसरी किस्त चुकली तेव्हा मुदत मागायला जीभ रेटेना. त्यांनी बाहेर काढण्याआधी मीच जाऊन चावी त्यांच्यापुढे ठेवली.

"हे काय रे शंकर? विकलेलं परत घ्यायला मी काय बोहारीण आहे?"

"करार तुमचाच आहे."

"करार मला शिकवतो! मागच्या गल्लीत घर घेतलंय, भिंती ओल्या आहेत. काम कर, मजुरी किस्तीत वळती करू."

"मी फिटर आहे. भिंती खरवडणार नाही."

"बरोबर. मिल नाही, मशीन नाही, फिटर मात्र अजून ड्यूटीवर!"

मी तडक उठलो. घरी पोचतो तो त्यांची स्कूटर दारात, आणि दिगूभिया आमच्या हिच्या हातात चावी देत होते. "सूनबाई, घर तुला विकलं समज. याला ठेवायचं का नाही, तू बघ."

ते गेल्यावर ही एवढंच बोलली, "मी पोरांना घेऊन कुठे जाणार नाही. तुम्हाला जायचं तर जा."

दिगूभिया आता नाहीत. रजिस्ट्री त्यांनी हयातीतच करून दिली. पण त्या रात्री मी दोघांवरही चिडून जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटीच मागच्या गल्लीत गेलो आणि छिन्नी-हातोडा घेऊन ओलं प्लास्टर फोडायला लागलो.