खुराड्यातला लाल डबा

धाकटे, तुला आठवत नसेल, पण मला आठवतं. मागच्या मे महिन्यात तुम्ही दोघं भावंडं आलात, तेव्हा भोरचं घर बंद करून आपण चार दिवस वेल्ह्याकडच्या शेतावर राहायला गेलो होतो. दुपारची तू अंगणातून तापून आलीस आणि पडवीत खांबाशी ठेवलेली बाटली उचललीस. बाटली कोल्ड्रिंकची, आत नारिंगी रंगाचं काहीतरी. झाकण तुला उघडेना, म्हणून माझ्याकडे आणून म्हणालीस, "आजी, ओपन कर ना." मी झाकण फिरवलं आणि वास आला. आत पेट्रोल होतं.

मी आरडाओरडा केला नाही. तुला माठातलं पाणी दिलं, बाटली उंच ठेवली आणि आत जाऊन कॉटवर बसले. तुमच्या आईला हे मी सांगितलं नाही. आता ती वाचेलच. आजोबांनाही सांगितलं नाही, त्याचं कारण पुढे येईल.

बाटली आजोबांची होती. बांधावरचं गवत कापायचं मशीन पेट्रोलवर चालतं आणि आपल्या खाचरांजवळ कुठेही पंप नाही. पेट्रोल नसरापूरला. पंपावर कोल्ड्रिंकच्या बाटलीत देत नाहीत, म्हणून आजोबा स्कूटरची टाकी भरून घ्यायचे आणि शेतावर पोचले की टाकीत नळी घालून तोंडाने ओढून बाटल्या भरायचे. मग दिवसभर "चहाला पेट्रोलचा वास का येतो?" म्हणून मलाच विचारायचे.

तुम्ही विमानात बसलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विषय काढला.

"अहो, ह्यापुढे पेट्रोलची बाटली नको."

"मग काय ओंजळीतून आणू?"

"लोखंडी डबा घेऊ. पेट्रोलसाठीच करतात तो. मिलिटरीच्या जीपला मागे अडकवलेला असतो, तसला."

"मी गवत कापतो. लढाईवर जात नाही."

तुझी गोष्ट सांगितली असती तर मी एका मिनिटात जिंकले असते. पण तू आजोबांचा जीव की प्राण. त्यांना त्यानंतर झोप लागली नसती. म्हणून मी ती गिळली आणि सरळ करार केला. दसऱ्यापर्यंत डबा वापरायचा, तोही मी सांगेन त्या रीतीने. त्यात काही गडबड झाली तर पुन्हा बाटल्या, मी शब्द काढायचा नाही. काही झालं नाही तर बाटली कायमची बंद. डिसेंबरात तुम्ही परत येणार होतात, आणि तोवर मला ती पडवी बाटलीशिवाय हवी होती. एवढंच माझं म्हणणं होतं.

भोरच्या बाजारपेठेतल्या हार्डवेअरवाल्याने आधी मला गोडेतेलाचा रिकामा डबा दाखवला. पंधरा किलोचा, वर लाकडी दांडी ठोकलेली. "समदं गाव ह्यातच डिझेल नेतंय, आजी."

"ह्याचं झाकण?"

"झाकण काय, हे दाबून बसवायचं."

"आणि गाडी वळली की?"

त्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे पाहिलं. मग माळ्यावरून पाच लिटरचा लाल डबा खाली आला. मी कडेचा सांधा बोटाने चाचपला, झाकणाला आत रबरी वायसर आहे का पाहिलं, खटका चार वेळा लावून उघडला, ओतायची नळी वेगळी मिळते का विचारलं. गळती तपासायला पाणी भरून बघू म्हटलं, तर दुकानदार घाईघाईने म्हणाला, "पाणी नका घालू, आतनं गंज धरंल." ते मला माहीत नव्हतं. माझ्या वहीत मी तेही लिहून घेतलं.

आजोबांच्या मते खरा त्रास पुढेच होता. डब्यासाठी आता स्कूटर शेतावरच ठेवून आम्ही मोटारीने ये-जा करायचं ठरवलं. भोरहून निघालं की कापूरव्होळला हायवे, मग कामथडी, मग नसरापूर. इतक्या वर्षांचा आमचा शिरस्ता म्हणजे आधी पेट्रोल आणि मग निवांत चहा-वडा. मी तो उलटा केला. भरलेला डबा उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवून आपण वडा खात बसायचं नाही. आधी चहा, मग पेट्रोल, मग कुठेही न थांबता थेट शेत.

"म्हणजे चहा पिताना माझं लक्ष पेट्रोलमध्ये," आजोबा म्हणाले.

"एरवी तुमचं लक्ष माझ्या वड्यात असतं. बरंच आहे."

पंपावर मी आधी विचारलं, ह्या डब्यात द्याल का. पंपावरच्या गृहस्थांनी डबा उलटसुलट पाहिला, "हा चालेल" म्हणाले. मग मी तो डिकीतून काढून जमिनीवर ठेवायला लावला. डिकीत प्लास्टिकची चटई असते. तिच्यावर डबा ठेवून भरलं तर घर्षणाने ठिणगी पडू शकते. जमिनीवर ठेवून पंपाची तोटी डब्याच्या तोंडाला टेकवून भरलं की तो धोका जातो. मागे मोटरसायकलींची रांग लागली. एक जण ओरडला, "आजी, दूध घालताय व्हय डेअरीला?"

"हो बाळा. फॅट बघून घालते," मी म्हटलं. रांग हसली.

आजोबा म्हणाले, "फुल करा." मी म्हटलं, "साडेचार. वर जागा ठेवा, उन्हाने पेट्रोल फुगतं." पंपावरच्या गृहस्थांनी आजोबांकडे पाहून मान हलवली. त्या मान हलवण्यात बराच बंधुभाव होता. पण साडेचारच भरलं. डिकीत डबा उभा ठेवून दोन्ही बाजूंना गोणपाटं खोचली, दोरीने बांधला आणि काचा उघड्या ठेवून निघालो.

आता ठेवायचा कुठे? स्वयंपाकघरात चूल आणि गॅस, तिथे प्रश्नच नाही. न्हाणीत बंब. गोठा रिकामा, पण वर पेंढा रचलेला. मी वही घेऊन घराभोवती दोन फेऱ्या मारल्या. तेव्हा आपली शेती वाट्याने करणाऱ्या मावशी, तुम्हाला नाचणीची भाकरी करून घालतात त्या, पलीकडच्या बांधावरून बघत होत्या.

"काकू, काय हरवलं?"

"पेट्रोलला जागा शोधतेय. सावली हवी, वारा खेळता हवा, विस्तवापासून लांब हवी, आणि कुलूप लागलं पाहिजे."

"मंग खुराडं हाय की!"

खरंच होतं. फणसाखालचं दगडी खुराडं, घरापासून वीस-पंचवीस पावलांवर. पुढे जाळीचं दार. कोंबड्या आपण कधीच बंद केल्या. मी ते झाडून घेतलं, दगडावर ओल येते म्हणून खाली लाकडी फळी टाकली, त्यावर डबा ठेवला आणि दाराला कुलूप लावलं. सुवाच्य अक्षरात इंग्रजी पाटी लिहून अडकवली. मावशींनी पाटी न्याहाळली.

"हे कुणी वाचायचं? मुंगसानं?"

इंग्रजी शाळेत शिकल्याचे असे तोटे असतात. मी पाटी पुसली, मराठीत लिहिली, आणि न वाचणाऱ्यांसाठी काडेपेटीचं चित्र काढून त्यावर फुली मारली. त्यानंतर मावशी जाता-येता विचारायच्या, "काकू, अंडं दिलं का आज?"

असे महिने गेले. आजोबा कुरकुरत होते, पण डबा वापरत होते. झाकण एकदम न उघडता हळूच वाफ सोडून उघडायचं, मशीन गार झाल्यावरच भरायचं, सांडलं तर पुसून वाळल्याशिवाय मशीन सुरू करायची दोरी ओढायची नाही, हे सगळं ते माझ्याकडे न बघता करायचे. भाद्रपद गेला, भात पोटरीला आलं, डब्याने काही गडबड केली नाही. मी मनातल्या मनात जिंकले होते.

आणि खंडेनवमी आली. दसऱ्याचा आदला दिवस, करार संपायच्या आधीचा.

त्या दिवशी आपण अवजारांची पूजा करतो. मी पडवीत सतरंजी घालून सगळं उंचीप्रमाणे मांडलं. पहार, कुदळ, खोरं, कोयता, विळे, माझी शिवणाची कात्री आणि गवत कापायचं मशीन. आणि मशीनशेजारी लाल डबा. चार महिने मशीनला जेवू घालणारा तो, त्याला कसं वगळायचं? मी खुराड्यातून तो स्वतः आणला, खटका उघडून झाकण लखलखीत पुसलं, परत वर ठेवलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. समोर निरांजन, उदबत्त्या, कापूर. आजोबा सोवळं नेसून पाटावर बसले. मी काडेपेटीतून काडी काढली.

मावशी ताटात फुलं घेऊन पायरी चढत होत्या. त्यांनी ताट तिथेच ठेवलं.

"काकू, हात थांबवा."

मी थांबले.

"त्यात पेट्रोल हाय न्हवं?"

"आहे की. कालच आणलं. साडेचार लिटर." मी अगदी बरोबर उत्तर दिलं. काडी हातातच.

"आणि वास कशाचा येतुया?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं. खटका लावलाच नव्हता. माळ घालायच्या नादात, चार महिने सगळ्यांना शिकवणारी मी काडेपेटी घेऊन उघड्या पेट्रोलपुढे बसले होते.

आजोबांनी माझ्या हातातली काडेपेटी घेतली. मावशींनी खटका दाबला, डबा माळेसकट उचलला आणि दोन्ही हातांनी धरून खुराड्याकडे चालल्या. वास सगळा निघून जाईपर्यंत आम्ही अंगणात उभे राहिलो. मग बऱ्याच वेळाने पूजा झाली, डब्याशिवाय.

प्रसादाचा शिरा खाताना मीच म्हटलं, "मी हरले. गडबड झाली, आणि ती मीच केली."

"बाटली असती तर तू पूजेला मांडली नसतीस," आजोबा म्हणाले. "डबा इतका देखणा आणलास, तोच दोष." ते खुशीत होते. उद्यापासून बाटल्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

पण मावशी शिऱ्याला हात लावत नव्हत्या. "काका, म्या हितं वरडले," त्या म्हणाल्या, "आन् आमच्या घरात चुलीच्या वरल्या फळीवर दोन बाटल्या हायत्या. मोटरसायकलीच्या. रोज त्याच्या खाली भाकरी थापते. नात रांगायला लागलीया, आता उभी बी ऱ्हाईल. इतके दिस मला दिसलंच न्हाई."

रांगत्या नातीचं नाव निघालं आणि मला राहवेना. मी आजोबांना मे महिन्यातली दुपार सांगितली. खांबाजवळची बाटली, "ओपन कर ना", तुझे तापलेले गाल, सगळं.

आजोबांनी वाटी खाली ठेवली. मला म्हणाले, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला झोप लागली नसती."

"नसतीच लागली," ते म्हणाले आणि उठले. वाटलं, बांधावर एकटेच जाऊन बसतील. पण ते स्कूटरकडे गेले, डिकी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेली एक भरलेली बाटली बाहेर काढली.

मी बघतच राहिले. "अहो! करार चालू असताना?"

"अडीअडचणीला म्हणून," आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा तुमच्यासारखा झाला होता, फ्रीजमधलं चॉकलेट सापडलं की होतो तसा.

म्हणजे मी एकटीच हरले नव्हते.

मावशी हसल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "काका लई लबाड," म्हणत घरी गेल्या आणि त्यांच्या दोन बाटल्या घेऊन आल्या. आजोबांनी सोवळं बदललं, बांधावर मोकळ्यात जाऊन आधी मशीनची टाकी भरली, मग उरलेलं नरसाळ्याने मावशींच्या मोटरसायकलच्या टाकीत ओतलं. रिकाम्या बाटल्या पायाखाली चेपल्या. मी वहीतून एकही सूचना वाचली नाही. गरज पडली नाही.

दसऱ्याला त्यांनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि विचारलं, "खुराड्याची किल्ली एकच आहे का?" दुसरी करून घेतली, ती मावशींकडे असते. त्यांच्यासाठीही एक डबा आणला. आता खुराड्यात दोन लाल डबे शेजारी शेजारी बसतात, आणि मावशी विचारतात, "काकू, पिल्लं कवा निघायची?" पुढच्या खंडेनवमीला सतरंजीवर डबा नसेल. त्याचं फूल आम्ही खुराड्याच्या जाळीला लांबूनच खोचू, दिवा न लावता.

तर डिसेंबरात या. पडवी रिकामी आहे, खांबाशी काही ठेवलेलं नाही. धाकटे, तुला कोकम नको असतं म्हणून संत्र्याचं सरबत करून मी कोल्ड्रिंकच्याच बाटलीत भरणार होते, पण आजोबांनी ती हातातून काढून घेतली. सरबत काचेच्या बरणीत आहे. तरीही पिण्याआधी एकदा वास घे.