शुद्ध चेष्टा

माधवराव टिपणीस नाटकाला जायचे ते नाटक बघायला नव्हे, नटाला पकडायला. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसायचं आणि कुणाची जीभ कुठे घसरते यावर नजर ठेवायची. ‘श’चा ‘स’ झाला की उजवी भुवई वर जायची, ‘ण’चा ‘न’ झाला की डावी. आणि ‘ळ’चा ‘ल’ झाला, तर अख्खा माणूसच खुर्चीतून वीतभर उठायचा.

सरकारी हिशेबाच्या कचेरीत त्यांची हयात गेली. पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत त्यांची ओळख एकच होती: समीक्षक. नेमलं कुणी? कुणीच नाही. पणजोबांना दरबारातून पगडी मिळाली होती. पणतवानं ती डोक्याच्या आत घातली होती, एवढाच फरक. मराठी मंडळाच्या मासिक पत्रकात शेवटचं पान त्यांचं. त्या पानामुळे बँकेतल्या दोन हौशी मुली पुन्हा रंगमंचावर फिरकल्या नाहीत आणि एका नवशिक्या नटानं मराठीच सोडून दिली. मराठी वाचवायची, तर ती बोलणाऱ्यांना आधी घाबरवायचं, असा माधवरावांचा कार्यक्रम होता आणि तो जोरात यशस्वी झाला होता. त्यांची सून चुका निघतील या भीतीनं त्यांच्याशी हिंदीत बोलायची. मग ते तिच्या हिंदीतल्या चुका काढायचे.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्यांनी स्वतः एक नाटक लिहिलं होतं, ‘सनद’. तीन अंक, एकही गाणं नाही, पात्रं एकमेकांना कागद वाचून दाखवतात. त्याचा एकदा प्रयोग झाला होता, तेव्हा पहिल्या रांगेत नातेवाईक होते आणि दुसऱ्या रांगेत खुर्च्या. दोष अर्थातच प्रेक्षकांचा. यंदा मंडळाच्या वर्धापनदिनाची संध्याकाळ ‘सनद’ला मिळावी म्हणून ते जिवाचं रान करत होते. मिळणार अशी चिन्हंही होती. तेवढ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हजीऱ्याहून उमाजी काळभोर टपकला.

उमाजीचे पूर्वज दख्खनेतून तलवार घेऊन आले होते. उमाजी स्पीकर घेऊन फिरायचा. त्याच्या दुकानावर पाटी होती, ‘कालभोर साउंड एवं टेंट हाउस’. स्वतःच्या आडनावातला ‘ळ’ ज्यानं पेंटरच्या हवाली केला, त्याच्याशी काय बोलायचं, असं माधवराव म्हणायचे आणि खरंच बोलायचे नाहीत. या उमाजीनं एक नाटक उभं केलं: ‘सूनबाई, सूर धरा’. उभं केलं म्हणजे काय केलं? लोकांना पाठ असलेली जुनी मराठी गाणी घेतली आणि ती ओळीनं वाजतील अशा बेतानं मधे गोष्ट ठोकून बसवली, तंबूच्या खुंट्या ठोकतात तशी. पुण्याची मुलगी ग्वाल्हेरात सून होऊन येते. एवढ्यावर लग्नाची, विरहाची नि पाळण्याची गाणी उरकली. पण नावाड्याचं एक गाणं उरलं होतं, म्हणून दुसऱ्या प्रवेशात नवरा अचानक नावाडी होतो. ग्वाल्हेरात! जिथल्या नदीत म्हैस बसली तर तिची पाठ कोरडी राहते, तिथे हा होडी वल्हवतो. शेवटी त्याला गोळी लागते. कुणाची, का, काही पत्ता नाही. मरतानाचं गाणं होतं, म्हणून गोळी. हजीऱ्यातल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी त्या गाण्याला वन्समोअर दिला, तेव्हा मेलेला उठला, कुडता झटकला, पुन्हा गायला आणि पुन्हा मेला.

माधवराव तो प्रयोग अर्धाच बघून उठले, घरी आले आणि एका बैठकीत परीक्षण लिहून काढलं. कथा नाही, पात्रं नाहीत, नेपथ्य म्हणजे लग्नाच्या मांडवातले उरलेले पडदे. शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा घासूनपुसून बसवलं: ‘नाटकाच्या नावाखाली चाललेली ही शुद्ध चेष्टा आहे.’ पत्रक छापून आलं, मंडळाच्या ग्रुपवरही फिरलं. माधवराव त्या रात्री गाढ झोपले.

चौथ्या दिवशी दूध आणायला बाहेर पडले, तर महाराज बाड्याच्या चौकात, कोपऱ्यावर भिंतीएवढा फ्लेक्स. नावाड्याच्या वेशातला नट, मागे निळंशार पाणी, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत:

‘शुद्ध चेष्टा!’ – ज्येष्ठ समीक्षक श्री. माधवराव टिपणीस

दुधाची पिशवी हातात तशीच. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, टवाळी. पण फ्लेक्स ज्या गावात लागला होता, त्या गावाच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मनापासूनची खटपट. वाचणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना दिसत होतं ते असं: टिपणीससाहेब म्हणतात, प्रयत्न असावा तर असा, शुद्ध!

भाजीवाल्यानं हटकलंच. “साहब, आपने तो बड़ी तारीफ कर दी! आम्ही पण जाऊन राहिलोय संडेला.”

माधवराव तडक रिक्षा करून हजीऱ्याला गेले. उमाजी गाद्यांच्या ढिगावर बसून वायर सोलत होता.

“ते खाली उतरव,” माधवराव म्हणाले.

“काय, गादी?”

“माझं नाव! मी नाटकाला शिव्या घातल्यात. चेष्टा म्हणजे टवाळी!”

“असं काय म्हणता काकासाहेब?” उमाजीनं वायर दातांत धरली. “दोन महिने आम्ही चेष्टा केली. पोरांनी दुकानं सांभाळून चेष्टा केली. आणि तुम्ही शुद्ध लिहिलंत ना, तेव्हा आमच्या पेटीवाल्याच्या डोळ्यात पाणी आलं, सच्ची.”

“मूर्खा, मराठीत...”

“मराठी तुमची, काका. भिंत मात्र हिंदी आहे.”

उमाजीला अर्थ खरंच ठाऊक नव्हता की पक्का ठाऊक होता, हे किल्ल्याला विचारा. वर त्यानं चहा मागवला आणि येत्या रविवारच्या प्रयोगाचं पहिल्या रांगेतलं तिकीट माधवरावांच्या खिशात कोंबलं. तो प्रयोग मंडळाच्या सभागृहात होता. मंडळाची सचिव गरिमा हिनं सरळ सांगून टाकलं होतं, “रविवारी कसा जातो ते बघू. हॉल खाली राहिला तर वर्धापनदिन तुमच्या ‘सनद’चा, काका. भरला तर उमाजीकाकांचा.”

म्हणजे आता आपल्याच सहीनं आपल्याच नाटकाची खुर्ची ओढली जात होती. माधवराव घरी आले ते फणफणतच.

“इतकं भिकार नाटक, गं! ना गोष्ट, ना बूड, ना शेंडा. आणि लोक तिकीट काढतायत!”

पत्नी अनसूयाबाई शेंगा सोलत होत्या. “हो, भिकार आहेच. नावाडी काय, गोळी काय.”

“तुला काय ठाऊक?”

“अहो, मी पाहिलं ना हजीऱ्याला. तुम्ही उठून गेलात, मी चौथ्या रांगेत होते. रविवारीपण जाणार आहे.”

माधवरावांच्या दोन्ही भुवया एकदमच वर गेल्या. “भिकार आहे म्हणतेस आणि परत जातेस? गोष्ट तर काहीच नाही त्यात!”

“गोष्ट बघायला कोण गेलं होतं? माझी गोष्ट मी घरून नेली होती. गाणं लागलं की माझी सुरू होते, संपलं की त्यांची. त्यांची चालू असताना मी शेंगा खाते.”

“तुझी कुठली गोष्ट?”

“ते कशाला तुम्हाला? तुम्ही व्याकरण बघाल.”

रविवारी संध्याकाळी सभागृह ओसंडून वाहत होतं. किला गेटवरून, हजीऱ्याहून माणसं आली होती. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा उमाजीनं टेंट हाउसच्या आणल्या आणि त्यांचंही भाडं तो मंडळाकडून वसूल करणार होता. माधवराव पहिल्या रांगेत मुठी आवळून बसले. भाषण तयार होतं. मध्यंतरात उठायचं, ‘चेष्टा’ या शब्दाचा अर्थ भर सभेत सांगायचा आणि ही जत्रा मोडायची.

पडदा उघडला. नाटक होतं तसंच होतं, किंबहुना जरा आणखी वाईट. सासूची मिशी पावडरीतून दिसत होती. पण माधवरावांच्या कानांना मागून काहीतरी वेगळंच छळू लागलं. लोक गात होते. शेजारच्या रांगेतली पोरगी मघाशी आईला “मम्मी, पानी दे ना, मला इतनी तहान लागून रही है” म्हणत होती. आता ती डोळे मिटून अख्खं कडवं म्हणत होती, एकही शब्द न गाळता. ज्यांचं रोजचं वाक्य मराठीत निघून हिंदीत पोचायचं, त्यांचं गाणं मराठीत सुरू होऊन मराठीतच संपत होतं. घरात आजी गेली की जी भाषा निम्मी जाते, ती इथे पुरी सापडत होती, आणि चूक काढायला मधे कुणी उभं नव्हतं. त्यासाठी नावाडी सोसायचा? सोसू की! उमाजीनं विमान आणलं असतं तरी सोसलं असतं.

हे सगळं माधवरावांना दिसलं. आणि दिसलं म्हणून ते अधिकच भडकले.

तेवढ्यात होडी आली, म्हणजे चाकं लावलेली बाज. तीवर उमाजीचा पुतण्या, नाव तरुण, हातात वल्हं. पेटी वाजली. हे गाणं माधवरावांना लग्नाआधीपासून पाठ होतं. तरुणनं गळा सोडला:

“पैल जलाच्या उजले दिवली, कालीज माझे पोले गं...”

“कॉलेज?” माधवराव उभेच राहिले. “कॉलेज पोळलं तुझं? काळीज! अरे गाढवा, काळीज!”

होडी थांबली. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. तरुण बाजेवरूनच म्हणाला, “तेच तर म्हटलं ना, काका, कालीज!”

लोक खदखदून हसले; त्यांना वाटलं, हाही प्रवेशच आहे.

“जीभ मागे वळव! टाळूला लाव! ऐक!” आणि तोंडानं सांगून भागेना म्हणून माधवरावांनी ती ओळ म्हणूनच दाखवली. “पैल जळाच्या उजळे दिवली, काळीज माझे पोळे गं...”

आवाज थकलेला होता, मधे चिरकलाही. पण एकेक ‘ळ’ असा काही टाळूवरून घरंगळत आला की सभागृह चिडीचूप. मग मागच्या रांगेतून, हजीऱ्याच्या अस्सल आवाजात, आरोळी आली:

“वन्समोअर!”

आणि मग सगळीकडून. वन्समोअर, वन्समोअर! इथे खाली बसायचं होतं, किंवा भाषण तरी ठोकायचं होतं. माधवरावांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी ती ओळ पुन्हा म्हटली, पहिल्यापेक्षा संथ, आणि ‘पोळे’वर एक छोटीशी हरकतही घेतली, जी कुणी मागितली नव्हती. बायकांच्या बाजूला अनसूयाबाईंचा शेंगा सोलणारा हात थांबला होता.

मध्यंतरात मात्र राग परत आला. टाळ्या विरल्या की त्यांच्या जागी राग यायचाच, ही त्यांची जुनी खोड. तेवढ्यात गरिमा धावत आली. “काका, गजब! हॉल पागल झाला! मग वर्धापनदिन उमाजीकाकांना देऊन टाकू ना? तुम्ही नाराज नाही ना होणार?”

डोळ्यांसमोर ‘सनद’ बुडताना दिसली. माधवरावांचा चेहरा लाल झाला. “द्या! खुशाल द्या! सांग तुझ्या कमिटीला, मी राजीनामा देतोय!”

गरिमानं टाळी वाजवली. “सच्ची? राजीनामा? काका, तुम्ही तर दिल जिंकलं!” आणि वाकून नमस्कार करून ती पळाली. माधवराव चक्रावले. मंडळ सोडतो म्हटलं, तर पोरगी पाया पडते? हा निरोपाचा नमस्कार होता की काय?

गरिमा जिल्हा कोर्टात वकील होती. तिथे दोन पक्ष भांडण मिटवून सह्या करतात, त्याला राजीनामा म्हणतात. दिवसातून चार तरी ती करून द्यायची. तिनं माइक उचलला.

“सुनिए, सुनिए! एक खुशखबर! आपले माधवकाका आणि उमाजीकाका, दोघांत राजीनामा झालाय! वर्धापनदिनाला ‘सूनबाई’ होणार, आणि जळाचं गाणं स्वतः काका म्हणणार!”

लष्करची म्हातारी मंडळी “अरेरे, राजीनामा!” म्हणून हळहळली. बाकी सगळं सभागृह टाळ्यांनी फुटलं, आणि बाकी सगळे फारच जास्त होते. उमाजी स्टेजवरून उडी मारून खाली आला आणि माइक थेट माधवरावांच्या हनुवटीखाली धरला. डोळे मिचकावत म्हणाला, “बोला काकासाहेब. गरिमाचं काही चुकलं असेल तर सुधारा.”

माधवरावांनी माइक घेतला. दोन शब्द समजावून सांगायचे होते, एक भिंतीवरचा आणि एक आताचा. ते सांगू शकेल असा माणूस त्या गर्दीत एकच होता, आणि माइकही त्याच्याच हातात होता. दोन वाक्यांत सगळं साफ झालं असतं. संध्याकाळ ‘सनद’ला मिळाली नसती, पण नाव राहिलं असतं.

“गाऊन दाखवा ना, काका!” ती पाणी मागणारी पोरगी ओरडली. “आत्ता!”

माधवरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बायकांच्या रांगेकडे. मग उमाजीला म्हणाले, “याच्या पट्टीत नाही जमायचं मला. पोरगं फार वर गातं. काळी दोन द्यायला सांग.”

“ए, काली दो!” उमाजी पेटीवाल्यावर ओरडला.

माधवरावांनी ते ऐकलं. नीट ऐकलं. आणि गळा साफ केला.