हिमसेल्फ

सुगंधा परब साकीनाक्याच्या एका गाळ्यात बारा वर्षं पॅकिंग करत होती. तिथे प्रेसवर डब्यांची पत्र्याची झाकणं निघत. शिक्षण आठवी. पण मुलगी श्रुतिका दहावीला गेली, तशी कांजूरमार्गच्या खोलीत सुगंधाही तिच्या शेजारी बसून इंग्रजी शिकायला लागली. रोज पाच शब्द, अर्थासकट. मेथी निवडता निवडता 'मायसेल्फ, युअरसेल्फ' घोकायची.

"नुसतं पाठ नको करूस," श्रुतिका म्हणाली. "'ही हर्ट हिम' म्हणजे त्याने दुसऱ्याला इजा केली. 'ही हर्ट हिमसेल्फ' म्हणजे स्वतःलाच."

"म्हणजे करणारा तोच, भोगणारा पण तोच."

त्याच महिन्यात तीन नंबरचा प्रेस बिघडला. पेडल न दाबताच वरचा ठोकळा खाली यायचा; रोज नाही, कधीतरी. त्या प्रेसवरच्या सहदेवने सुपरवायझर नंदकुमारला दोनदा सांगितलं. "ऑर्डर जाऊ दे, मग बघू," एवढंच उत्तर. एकदा सहदेव पाणी प्यायला गेला होता, मशीनसमोर कुणीच नव्हतं, आणि ठोकळा धाडकन आदळला. पॅकिंगच्या बायका दचकून वळल्या. मग पुन्हा झाकणं भरू लागल्या.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधी सहदेवची उजव्या हाताची तीन बोटं गेली.

शनिवारी नंदकुमारने एक इंग्रजी कागद फिरवला. "विम्याचा आहे. सहदेवच्याच भल्यासाठी. पटापट सह्या करा."

सात जणांनी केल्या. सुगंधा वाचत बसली. एक शब्द अडला, तो तिने मोबाईलवर शोधला: निष्काळजीपणा. पुढे दोन ओळींत दोनदा हिमसेल्फ.

"यात लिहिलंय, प्रेससमोरची संरक्षक जाळी सहदेवने स्वतः काढली आणि स्वतःलाच जखमी करून घेतलं," ती म्हणाली. "जाळी तर तुम्ही काढायला लावलीत. काम फास्ट व्हावं म्हणून."

"तुला कधीपासून इंग्लिश यायला लागलं गं?"

कुणी मान वर केली नाही. सुगंधाने सहीच्या जागी एकेक अक्षर जुळवत लिहिलं: द मशीन केम डाउन बाय इटसेल्फ. खाली नाव घातलं.

"ताई, वाट लागेल तुझी," शेजारची तेजल पुटपुटली.

नंदकुमारने कागदाची घडी करून खिशात घातली. आवाज जराही चढवला नाही. "सोमवारपासून तू तीन नंबरवर बस."

सोमवारी ती गेली. प्रेस धुऊनपुसून चकचकीत केला होता. जाळी अजून नव्हतीच. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने मोबाईलवर फोटो काढला आणि न बसताच बाहेर पडली, ती थेट सहदेवकडे, हॉस्पिटलात.

"माझो पाय पेडलार नव्हतो गो," तो म्हणाला. मग बँडेजकडे बघत राहिला. "पण सगळी म्हणतत, तूच केलंस. आता माकाच तसा वाटूक लागला हा."

सुगंधाची नोकरी गेली. युनियनच्या वकिलाकडे तिने जबानी आणि फोटो दिला. कामगार न्यायालयात केस उभी राहिली. कंपनीने तिथे तोच मजकूर असलेला नवा कागद दाखल केला. त्यावर सातच सह्या होत्या. सुगंधाची ओळ कुठेच नव्हती. सहदेवने मान खाली घातली. पुढची तारीख मिळाली.

परवा दुपारी तेजलचा फोन आला. तीन नंबरवर आता तिला बसवलं आहे.

"सकाळपासून दोनदा आला खाली, ताई."

"ऊठ तिथून. आत्ताच्या आत्ता ऊठ, तेजल."

"सुट्टी संपली," तेजल म्हणाली, आणि फोन ठेवला.