कोपऱ्यातल्या खोलीची कडी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. मी सिव्हिल इंजिनीअर. घरात आवाज आला की मला आधी लाकूड आठवतं, मग पाइप, मग उंदीर... म्हणूनच हे लिहावं की नाही, यात बरेच महिने गेले.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, पण माझं माहेर-सासर दोन्ही रायपूरलाच. इथल्याच उरला औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्यांची रोलिंग मिल असलेले आमचे एक क्लायंट आहेत. सगळे त्यांना भैयाजी म्हणतात. धंद्यानिमित्त त्यांचं फिलिपिन्सला जाणं-येणं असतं. तिथलं स्पॅनिश अमलातलं एक पडायला आलेलं घर त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते विकतच घेतलं. उतरवून, कंटेनरमध्ये भरून, रायपूरजवळच, अभनपूरच्या अलीकडे आपल्या शेतावर पुन्हा उभं करायला! खाली दगडी भिंती, वर सगळं लाकूड आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे. दुपारी आत दुधासारखा उजेड पडायचा. ते काम माझ्याकडे आलं.

वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मात्र आम्ही नव्याने बांधली. तिकडे ती केव्हाच जळून गेली होती; विकणाऱ्याने नुसती तिची मापं पाठवली. जमीन, छत, चौकट, दार — सगळं इथलं सागवान.

दार बसलं त्या दुपारी मजूर खाली जेवत होते. मी बाहेर गॅलरीत ड्रॉइंग बघत उभी होते. आतून कुणीतरी दारावर थापा मारल्या. तळहाताने, घाईघाईने... मी वैतागून दार ढकललं. आत कुणी नव्हतं. त्या खोलीला दुसरी वाटही नव्हती.

पुढे सुपरवायझर साहूनेही त्या थापा ऐकल्या. मजुरांनी त्या बाजूला डबा खाणं सोडलं. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला. "नवं लाकूड आहे, उन्हानं तडतडते. इंजिनीअर असून काहून घाबरून राहिली?" मला पटलं. म्हणजे, मी पटवून घेतलं.

वास्तुपूजेला भैयाजींच्या आई आल्या. अम्मा खूप थकलेल्या, गुडघे पार गेलेले. वॉकर आणि धरायला एक माणूस असल्याशिवाय पलंगावरून उठता येत नाही. त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं. वारा येतो म्हणून त्यांनी नेमकी कोपऱ्यातलीच खोली मागितली. मला भैयाजींना काहीतरी सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार?

पूजा आटोपली, पंगत बसली. अम्मांचा डोळा लागला होता. पाहुण्यांनी उठवू नये म्हणून त्यांची देखभाल करणाऱ्या बाईने दाराला बाहेरून कडी घातली आणि ती जेवायला खाली आली. मी जिन्यापाशी हात धूत होते. तेवढ्यात वरून थापा ऐकू आल्या. त्याच. पण या वेळी थांबेचनात.

मी धावत वर गेले. कडी काढली. दार उघडलं, तर अम्मा समोरच उभ्या! वॉकर तिकडे पलंगाजवळ. त्यांचा उजवा हात पुढे ताणलेला, कुणीतरी धरून ओढावा तसा. मी त्यांना कवेत घेऊन बाहेर आणलं आणि त्याच क्षणी आत एसीमधून ठिणग्या उडाल्या. जळतं प्लॅस्टिक पलंगावर पडलं. मच्छरदाणी भुर्रकन पेटली. मी साहूला हाक मारली, त्याने मेन स्विच पाडला, माणसं पाणी घेऊन धावली...

अम्मा गॅलरीत बसून मनगट चोळत होत्या. मी म्हटलं, तुम्ही दार वाजवलंत म्हणून बरं झालं.

"मैंने कहाँ बजाया?" त्या म्हणाल्या. "उस लड़की ने बजाया. मुझे खींचके उठाया, हाथ ही नहीं छोड़ती थी. किसकी बेटी है वो?"

पूजेला आलेल्या एकेक मुलीला त्यांच्यासमोर उभं केलं. त्यातली कुणीच नव्हती.

एसीचं कारण सापडलं, वायर सैल होती. अम्मा पलंगापासून दारापर्यंत कशा आल्या, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. भैयाजींनी विकणाऱ्याला फोन लावला. त्याने सांगितलं, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत घराला आग लागली, तेव्हा त्या खोलीत घरातली म्हातारी झोपलेली होती. तिला उठवायला नात आत गेली. दाराची बाहेरची कडी अडकली... दोघीही वाचल्या नाहीत.

पण आमच्या खोलीत तर तिकडचा एक खिळासुद्धा नव्हता. समुद्रापलीकडून काय आलं, कशातून आलं? नुसत्या मापांतून?

खोली दुरुस्त झाली. सगळ्यांनी विनवलं तरी अम्मा आजही तिथेच झोपतात. दुरुस्ती संपली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावून एकच गोष्ट सांगितली. या दाराला कडी नको, आतूनही नको, बाहेरूनही नको.

सुतार खालीच होता, पण मी त्याला वर बोलावलं नाही. स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि दोन्ही कड्या माझ्या हातांनी काढल्या.